तीनशे चाळीसच्या पुढे

१

सकाळी खोलीत आली की ताई आधी पक्कड पुसायची, मग टेबल, मग चष्मा. बावीस वर्षांत या क्रमात फरक पडला नव्हता. तळ्याच्या काठावर पत्र्याच्या छपराची ती एकच खोली. टेबलावर वजनकाटा, पट्टी, भिंग आणि तारेत ओवलेली ॲल्युमिनियमच्या बारीक कड्यांची माळ. भिंतीला बारा हुक, हुकांना सुती पिशव्या, आणि प्रत्येक पिशवीत एक जिवंत पक्षी. नव्या माणसाला ती भिंत आपोआप हलताना पाहून कसंसंच व्हायचं. ताईला मात्र ती हलली नाही तर करमत नसे.

पावसाळा सरला की थंडी पडायच्या आधीचे सहा आठवडे उत्तरेकडून पक्ष्यांचे थवे उतरायचे, तळ्यातल्या लव्हाळ्यात दोन-चार दिवस खाऊन-पिऊन अंगावर चरबी धरायचे आणि पुढे निघायचे. लव्हाळ्यात बारीक काळ्या दोऱ्याच्या जाळ्या उभ्या ताणलेल्या असायच्या. दर अर्ध्या तासाने फेरी मारायची, अडकलेले पक्षी अलगद सोडवून पिशवीत घालायचे, खोलीत आणून पायात नंबराची कडी अडकवायची, माप घ्यायचं, आणि खिडकीतून सोडून द्यायचं. तोच पक्षी पुढे कुठे कोणाला सापडला तर त्या नंबरावरून त्याचं वय कळतं आणि प्रवास कळतो. सगळी मेहनत तेवढ्यासाठी.

फेऱ्या मारायचं काम छोट्याचं. छोट्या सव्वासहा फूट उंच होता आणि चाळिशीला टेकला होता. पण तो चार वर्षांचा असताना आई गेली, तेव्हा ताई चौदाची होती, आणि त्याचं नाक पुसण्यापासून दहावीच्या अभ्यासापर्यंत सगळं तिनेच केलं होतं. म्हणून तो छोट्याच. दोघांनीही लग्न केलं नाही. त्याबद्दल कोणी विचारलं तर छोट्या म्हणायचा, "ताईला माझ्यापेक्षा बरा माणूस मिळाला नाही, आणि मला ताईपेक्षा बरा स्वयंपाक."

तिसरे मास्तर. गणिताचे निवृत्त शिक्षक, अक्षर छापल्यासारखं. रजिस्टर त्यांच्याकडे. नंबर, जात, वय, पंख, वजन, आणि शेवटच्या रकान्यात 'हात', म्हणजे कडी कोणी घातली. ताईचा नियम एकच होता आणि तो तिने बावीस वर्षं सगळ्यांच्या डोक्यात बसवला होता: नंबर गाळायचा नाही. कडी हरवली, वाकली, काही झालं तरी त्या नंबरासमोर काहीतरी लिहायचंच. मोकळी ओळ चालणार नाही. मास्तर म्हणायचे, "चित्रगुप्तसुद्धा इतका कडक नसेल."

पकडी दोन होत्या. ताईची जुनी, बाबांची. बाबांनी एकदा भिंतीतला खिळा उपटायला ती वापरली होती, तेव्हा तिचा जबडा एका जागी टवकला. त्या पकडीने मिटलेल्या प्रत्येक कडीच्या काठावर केसाएवढा ओरखडा उठायचा. शिवाय तिचा सांधा ढिला होता, उघडझाप केली की टिक-टिक वाजायची. छोट्याची पक्कड नवी, लाल मुठीची. गर्दीच्या दिवशी तोही समोर बसून पाचातल्या एखाद्या पक्ष्याला कडी घालायचा. त्याची कडी साफ मिटायची. रकान्यात 'हात' लिहायचं राहून गेलं तर मास्तर भिंग लावून ओरखडा बघायचे आणि नाव भरायचे.

२

मंगळवारी माळ एकशे सत्त्याऐंशीपर्यंत आली होती. छोट्याने पिशवी हुकाला लावली आणि म्हणाला, "ताई, हे आपलं जुनं गिऱ्हाईक. आधीच कडी आहे पायात."

पिशवीतून वटवट्या निघाला, बोटभर लांबीचा, मातकट रंगाचा. पकडलेल्यांपैकी निम्मे तरी हेच असायचे. ताईने त्याची मान दोन बोटांत धरली, पाय भिंगाखाली घेतला आणि नंबर वाचला. पुढची अक्षरं यंदाचीच होती. शेवटचे आकडे दोन, एक, दोन.

"दोनशे बारा," ती म्हणाली.

मास्तरांनी पान उलटलं, परत उलटलं. "दोनशे बारा अजून झालाच नाही. आपण एकशे सत्त्याऐंशीवर आहोत. परत वाचा."

तिने परत वाचला. छोट्याने वाचला. मग मास्तरांनी स्वतःचा चष्मा काढून, ताईचा लावून वाचला. दोनशे बाराच होता. कारखान्यातून एकच नंबर दोनदा आला असणार, असं मास्तरांचं मत पडलं. ताईने खणातून पुढच्या माळेचं पाकीट काढलं. सील तसंच होतं. फोडून पाहिलं तर दोनशे बारा आपल्या जागी होता, दोनशे अकरा आणि दोनशे तेराच्या मध्ये, कोरा करकरीत.

पक्ष्याच्या पायातली कडी मात्र कोरी नव्हती. ती संपत आलेल्या साबणाच्या वडीसारखी झिजून पातळ झाली होती. पाच-सहा वर्षं तरी पायात असल्याशिवाय कडी इतकी झिजत नाही. डोळाही तपकिरी, म्हणजे पक्षी वयाने मोठा. डाव्या पायाच्या मधल्या बोटाला नख नव्हतं. आणि कडीच्या काठावर केसाएवढा ओरखडा होता.

ताईने तो मास्तरांना दाखवला नाही. पंख मोजला, वजन केलं, खिडकीतून पक्षी सोडला. मास्तरांनी शेवटच्या पानावर पेन्सिलीने नोंद केली आणि कारखान्याला पत्र लिहायचं ठरलं.

३

बुधवारी वारा होता, जाळ्या बंद होत्या. गुरुवारी सकाळी नऊच्या सुमारास माळेवर दोनशे बारा आला. ताईने तो तारेतून काढला तेव्हा तिला स्वतःचंच हसू आलं, कारण हाताला घाम आला होता. समोरच्या हुकावरची पिशवी तिने घेतली. वटवट्या. डोळा राखाडी, म्हणजे यंदाचंच पिल्लू. तिने डावा पाय उलटा केला. मधल्या बोटाला नख नव्हतं.

"काय झालं?" मास्तर म्हणाले.

"काही नाही. दोनशे बारा लिहा."

तिने पक्कड दोनदा टिक-टिक वाजवली. ही तिची सवय होती, आणि त्याआधी बाबांची. मग कडी मिटली. ओरखडा उठला तो त्याच जागी.

बिननखाचे पक्षी हजारात दोन-चार असतातच. पंखाचं माप जुळलं होतं, पण वटवट्यांचे पंख सगळे सारखेच. कारखाना चुकतो. डोळा थकतो. ताईने ही सगळी कारणं नीट, एकाखाली एक मनात मांडली, आणि त्यातलं एकही खोटं नव्हतं. संध्याकाळी कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत तिचं समाधानही टिकलं. मग तिला आठवलं की मंगळवारच्या कडीवर यंदाचीच अक्षरं होती, तरी ती पाच-सहा वर्षं झिजलेली होती, आणि तिच्यावरचा ओरखडा आपल्याच पकडीचा होता.

त्या दिवसापासून तिने ॲप्रनच्या खिशात एक कागद ठेवायला सुरुवात केली.

४

आठवडाभरात असे आणखी बारा पक्षी आले. सगळ्यांच्या पायात जुन्या, झिजलेल्या कड्या, सगळे नंबर अजून यायचे होते. मास्तर आता 'कारखाना' म्हणेनासे झाले. ते शेवटच्या पानावर पेन्सिलीने लिहायचे आणि पान मिटून टाकायचे. छोट्याला गंमत वाटत होती. "यांना विचार की लॉटरीचा नंबर काय लागतोय," असं एकदा म्हणाला. ताई हसली नाही, तेव्हा पिशव्या घेऊन फेरीला निघून गेला.

शनिवारी, आपल्या खोलीत बसून, तिने तो कागद उलगडला. नंबर चढत्या क्रमाने लावले आणि प्रत्येकापुढे कडी कशी होती ते लिहिलं. दोनशे तीस, ओरखडा. दोनशे सत्तेचाळीस, साफ. दोनशे सहासष्ट, ओरखडा. तीनशे एक, ओरखडा. तीनशे अठरा, साफ. तीनशे चाळीस, ओरखडा. तिथपर्यंत सगळं रोजच्यासारखं होतं, थोडं तिचं काम, थोडं छोट्याचं. त्यापुढे तीनशे छप्पन्न साफ. चारशे दोन साफ. चारशे सतरा, चारशे पंचावन्न, चारशे एकोणनव्वद, पाचशे तीस. सगळे साफ.

तिने कागद उलटा ठेवला आणि जरा वेळाने परत सरळ केला. तीनशे चाळीसच्या पुढे ओरखडा नव्हता. तीनशे चाळीसच्या पुढे सगळं काम लाल मुठीच्या पकडीचं होतं. मग त्या वेळी आपण कुठे असू, हा प्रश्न विचारायला फार हुशारी लागत नव्हती.

सोमवारी तिने कोणाला न सांगता डॉक्टरांकडे जाऊन सगळ्या तपासण्या करून घेतल्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुमचं माझ्यापेक्षा बरं चाललंय. चष्म्याचा नंबर तेवढा बदलून घ्या."

ताईला मरणाची भीती वाटत होती आणि ती तिने स्वतःशी कबूलही केली. पण त्याहून जास्त तिला छोट्याची काळजी वाटत होती. त्याला गॅस बंद करायचं लक्षात राहत नाही. तापात औषध घेत नाही. तो आजवर एकही रात्र त्या घरात एकटा झोपलेला नव्हता. बुधवारी जेवताना तिने त्याला सगळं सांगून टाकलं आणि कागद त्याच्यापुढे सरकवला.

छोट्याने तो नीट वाचला. "म्हणजे तीनशे चाळीसनंतर सगळं काम माझ्या गळ्यात?"

"चेष्टा करू नकोस."

"बरं, नाही करत." त्याने पोळीचा तुकडा मोडला. "ताई, तू दमली आहेस. परवापासून दोन दिवस घरी बस. मी आणि मास्तर बघतो."

"आणि मी घरी बसले म्हणूनच त्या कड्या साफ असल्या तर?"

"मग बरंच की. म्हणजे तू घरीच होतीस. गेली-बिली नव्हतीस."

तो सहज बोलून गेला, पण ताईचा घास हातातच राहिला. खरंच की. कडीवर माणूस दिसत नाही, पक्कड दिसते. हंगामभर घरी बसायचंही कारण नव्हतं. पक्कड बदलली की झालं. तीनशे चाळीसपर्यंत बाबांची, पुढे छोट्याची. पुढच्या सगळ्या कड्या साफ येतील, कागदावरचा शब्दन् शब्द खरा होईल, आणि कोणाच्या केसालाही धक्का लागणार नाही. त्या रात्री तिला आठ दिवसांत पहिल्यांदा गाढ झोप लागली.

५

शुक्रवारी ऊन स्वच्छ पडलं होतं. वारा नव्हता. साडेनऊला ताईने तीनशे चाळीसची कडी घातली, टिक-टिक करून मिटली, ओरखडा बघितला आणि पक्षी सोडला. मग बाबांची पक्कड पुसून खणात ठेवली आणि हात पुढे केला.

"छोट्या, तुझी पक्कड मला दे. आजपासून मी ही वापरणार."

"आणि बाबांची?"

"राहू दे खणात."

"खणात कशाला?" छोट्याचा चेहरा एकदम लहान मुलासारखा झाला. "तुला नको असेल तर मला दे ना. मी कधीपासून मागतोय."

मागत होताच. बाबा गेले तेव्हा पक्कड ताईकडे आली, आणि तो तेव्हा काही बोलला नव्हता, पण नंतर दरवर्षी एकदा तरी विषय काढायचा. ताईने जरा विचार केला. तो असाही दिवसाला तीन-चार कड्या घालणार, आणि त्या घालू नको म्हणून सांगता येईल. तिने खण उघडून पक्कड त्याच्या हातात दिली.

"खिशात ठेव. वापरू मात्र नकोस."

"नुसती वाजवतो," छोट्या म्हणाला.

पिशव्यांचा जुडगा कमरेला लावून तो फेरीला निघाला. लव्हाळ्यातून फळ्यांची अरुंद वाट टोकाच्या नऊ नंबरच्या जाळीपर्यंत गेली होती. तो दिसेनासा झाल्यावरही पकडीची टिक-टिक बराच वेळ ऐकू येत होती. मग तीही थांबली.

तीनशे एक्केचाळीस. लाल मूठ हातात परकी वाटली, पण कडी झकास मिटली. साफ. बेचाळीस, त्रेचाळीस, चव्वेचाळीस. ताई जिवंत होती. खिडकीतून ऊन येत होतं, मास्तर खोकत होते, थर्मासमधला चहा अजून गरम होता. ती मोठ्याने हसली आणि मास्तरांना काय झालं ते सगळं सांगून टाकलं, कागदासकट. इतकी युक्ती आपल्याला सुचली याचं तिला कौतुक वाटत होतं.

मास्तरांनी कागद वाचला. ते माणूस हिशोबी. मान डोलवत म्हणाले, "छान केलंत. आणि मलाही सोपं झालं. आता उलटं लक्षात ठेवायचं. साफ कडी म्हणजे तुमचा हात, ओरखडा म्हणजे छोटेरावांचा."

ताईने कप खाली ठेवला.

मास्तरांच्या हातातला कागद तिने घेतला. तीनशे छप्पन्न, साफ. चारशे दोन, साफ. चारशे सतरा, पंचावन्न, एकोणनव्वद, पाचशे तीस. साफ म्हणजे तुमचा हात. तिने बोट ठेवून वरून खाली वाचलं आणि परत खालून वर वाचलं. छोट्याची त्यात एकही नव्हती.

"किती वाजले?" तिने विचारलं.

"सव्वादहा," मास्तर म्हणाले. "फेरी लांबली वाटतं आज."

६

फळ्यांवर धावता येत नाही, पाय घसरतो. ताई धावली. एक ते आठ जाळ्या रिकाम्या होत्या, म्हणजे त्याने त्या उरकल्या होत्या. नऊ नंबरच्या जाळीपाशी वाट संपते. तिथे एक बांबू रोवलेला होता आणि त्याला छोट्याने स्वतःच्या उंचीच्या बेताने एक हुक लावला होता. ताईचा हात तिथवर पुरत नसे.

हुकाला पाच पिशव्या होत्या. नाड्या नीट बांधलेल्या. पाचही हलत होत्या.

जाळीत सहावा पक्षी अर्धा सोडवलेला लटकत होता. एक पंख मोकळा, एक अजून दोऱ्यात. छोट्याने आजवर कधी पक्षी अर्धवट सोडला नव्हता. फळ्या कोरड्या होत्या. पाण्यावर शेवाळाचा हिरवा पापुद्रा होता आणि तो कुठेही फाटलेला नव्हता. एवढा मोठा माणूस पाण्यात पडला तर पापुद्रा फाटतो, पाणी गढूळ होतं, निदान लव्हाळं तरी मोडतं. इथे काहीच मोडलं नव्हतं.

"छोट्या," तिने हाक मारली. परत मारली. मग आई मारायची तशी, त्याचं पूर्ण नाव घेऊन मारली.

तिने आधी त्या अर्धवट पक्ष्याला सोडवलं, कारण तो तडफडत होता आणि तिच्या हातांना दुसरं काही सुचत नव्हतं. तो उडून गेला तेव्हा तिला टिक-टिक ऐकू आली.

आवाज पुढून आला होता, जिथे फळ्या नव्हत्या, जिथे दोन पुरुष खोल पाणी होतं. टिक-टिक. मग थोडं थांबून, थोड्या अंतरावर, टिक-टिक. कडी मिटण्याआधी दोनदा वाजवतात तशीच. लव्हाळ्याचे शेंडे त्या जागी किंचित हलत होते आणि बाकी सगळे स्थिर होते. दाट देठांच्या मागे, पाण्याच्या फार वर नाही आणि फार खालीही नाही, काहीतरी वाकून काम करत असल्यासारखं तिला वाटलं. पाठ होती. हातात काहीतरी लहान धरलेलं होतं. तिने चष्मा पुसून परत लावला, तेव्हा तिथे नुसतं लव्हाळं होतं.

आवाज लांब लांब जात राहिला, आणि तिला तो ऐकू यायचा कधी थांबला ते कळलं नाही.

७

चार दिवस शोध चालला. बोटी आल्या, गळ आले, पाणबुडे आले. तळ्याचा इंच न् इंच धुंडाळला. पाणबुडा म्हणाला, खाली नुसता गाळ आहे, बाकी काही नाही. पोलिसांनी विचारलं, भावाचं कोणाशी भांडण होतं का, कुठे निघून जायचा विचार होता का. ताईने सगळ्या प्रश्नांची उत्तरं दिली. त्या पाच पिशव्यांतले पक्षी मास्तरांनीच खिडकीतून सोडून दिले, बिनकडीचे, न मोजता. तिने त्याबद्दल काही म्हटलं नाही.

घरी त्याची चप्पल दाराशी होती. ताईने ती हलवली नाही. ती रडली, खूप रडली, ओट्यापाशी उभी राहून, कारण सवयीने कणीक दोघांची मळली गेली होती. आपणच पक्कड त्याच्या हातात दिली, ही गोष्ट तिने मास्तरांना सांगितली, पोलिसांना सांगितली आणि डॉक्टरीणबाईंनाही सांगितली. तिघांनीही तिची समजूत घातली. तिघांनाही कळलं नाही.

पाचव्या दिवशी ती खोलीत आली. पक्कड पुसली, लाल मुठीची. टेबल पुसलं, चष्मा पुसला. फेऱ्याही आता तिच्याच होत्या. मास्तर रजिस्टर उघडून बसले होते, त्यांची दाढी वाढली होती.

"तीनशे पंचेचाळीस," ते म्हणाले.

ताईने तारेतून तीनशे पंचेचाळीस काढली आणि बाजूला ठेवली. पुढची, शेहेचाळीस, पक्ष्याच्या पायात घातली.

"ताई, नंबर गळला."

"माहीत आहे. ती ओळ मोकळी सोडा."

मास्तरांनी पेन खाली ठेवलं. बावीस वर्षांत त्यांनी तिच्या तोंडून हे वाक्य ऐकलं नव्हतं. "तिथे काय लिहायचं?"

"सध्या काही नाही."

तिने ते त्यांना समजावून सांगितलं, एखादं गणित सांगावं तसं. कागदावर तीनशे चाळीसच्या पुढचे सहाच नंबर होते. ते सहा साफ होते, एवढंच आपल्याला माहीत आहे. बाकीच्यांबद्दल कागद काही म्हणत नाही. त्यात एखादी ओरखड्याची असू शकते. एक जरी असली तरी तो कुठेतरी आहे. पण ती असायची तर त्याच्याकडे कडी नको का? पक्कड आहे त्याच्याकडे. कडी नाही.

मास्तरांनी चष्मा काढला, डोळे पुसले आणि पुढच्या ओळीवर लिहायला घेतलं. दुपारी ताई स्टूल घेऊन फळ्यांच्या टोकाला गेली आणि तीनशे पंचेचाळीसची कडी दोऱ्यात ओवून छोट्याच्या हुकाला बांधली.

आठवड्याने ती तिथे नव्हती. दोरा होता, गाठही तशीच होती.

"कावळा," मास्तर म्हणाले. "चकचकीत वस्तू नेतात."

"नेतात," ताई म्हणाली.

८

हंगामाचा शेवटचा दिवस थंड होता. थवे निघून गेले होते. ताईने सकाळपासून तीन फेऱ्या मारल्या आणि चौथ्या फेरीत नऊ नंबरच्या जाळीत एकच पक्षी मिळाला. तो तिने न बघता पिशवीत घातला, कारण बोटं गारठली होती. खोलीत येऊन हुकाला लावला आणि आधी चहा घेतला. मास्तर वर्षाच्या बेरजा मांडत होते. साडेपाचशेच्या वर गेली होती माळ, आणि कागदावरचे सहाही नंबर होऊन गेले होते. सगळे तिने घातले होते. सगळे साफ.

पिशवी हलत होती, पण बाकी पिशव्या हलतात तशी नाही. खाली एक ओला डाग पसरत होता.

तिने पक्षी काढला. वटवट्या, डोळा राखाडी, यंदाचाच. पिसं कोरडी होती. पाय तेवढे ओले होते आणि त्यांना गाळाचा वास येत होता. उजव्या पायात कडी होती. झिजलेली नव्हती. इतकी नवी होती की तिच्यात खिडकी दिसत होती.

ताईने पाय भिंगाखाली घेतला. नंबर वाचला, आणि कडी नखाने फिरवून तिचा काठ बघितला. पक्ष्याचं काळीज तिच्या तळहातावर धडधडत होतं. हवं होतं तेच समोर आलं होतं, आणि तिला दाराकडे बघायची हिंमत होत नव्हती.

"काय आहे?" मास्तर म्हणाले.

"पान मागे घ्या. मोकळी ओळ."

मास्तरांनी पानं उलटली. "तीनशे पंचेचाळीस?"

"हो. वटवट्या. यंदाचा. पंख चौसष्ट. वजन अकरा."

ती पक्षी घेऊन खिडकीपाशी गेली आणि तिने मूठ उघडली. थवे गेले त्या दिशेला तो गेला नाही. खाली झेपावला, फळ्यांच्या वाटेवरून सरळ टोकापर्यंत गेला आणि लव्हाळ्यात शिरला. ऊन होतं, वारा नव्हता. तळ्याकडून टिक-टिक असा आवाज आला, आणि या वेळी मास्तरांनीही मान वर केली.

मग मास्तरांनी शेवटच्या रकान्यावर पेन टेकवलं.

"हात कोणाचा लिहू?"

"त्याचा," ताई म्हणाली. ती टेबलाशी आली आणि तारेतून पुढची कडी काढू लागली. "आणि खाली आणखी एक ओळ मोकळी सोडा."